हरताळाचा निरोप

सरांनी कधी कोणाच्या घराबाहेर चप्पल काढून ठेवली नाही, कारण ते चप्पल घालीतच नसत. अकोल्यात आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात शिकवीत असू. मृदाशास्त्राचा प्राध्यापक अनवाणी हिंडतो, हे नव्याने आलेल्या एका प्राचार्यांना रुचले नाही. त्यांनी लेखी समज दिली. सरांनी दुसऱ्या दिवशी काळे, नाडीचे बूट विकत आणले आणि कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवले. प्राचार्य खोलीत आले. त्यांनी बूट पाहिले, बुटांखाली दाबून ठेवलेले स्वतःचे पत्र पाहिले आणि ते परत गेले. सर वारल्यावर त्यांच्या मुलीने ते बूट मला दिले. अगदी नवे होते. माझ्या मापाचे नव्हते.

उन्हाळ्यात अकोल्याची जमीन तव्यासारखी तापते. तेव्हा ते पायमोजे घालीत. नुसते पायमोजे.

माझी खोली त्यांच्या शेजारी होती. मी रसायनशास्त्र शिकवीत असे. मध्ये भिंत होती आणि भिंतीत दार होते. ते दार मी बंद ठेवी, ते उघडीत. माझ्याकडे उपकरणे होती, त्यांच्याकडे नाक होते. मातीचा नमुना आला की ते आधी हुंगत, मग तो माझ्या टेबलावर ठेवीत आणि म्हणत, "मोजा." माझा आकडा त्यांच्या अंदाजाशी जुळला, तर ते माझे अभिनंदन करीत. जुळला नाही, तर उपकरण दुरुस्त करून घेण्याचा सल्ला देत.

ते मूळचे चांदूर रेल्वेचे. बोलणे अस्सल वऱ्हाडी. परंतु राग आला की त्यांची भाषा शुद्ध होई. "काय बाप्पा, कुठं होता?" असे विचारले, तर सर्व ठीक आहे असे विद्यार्थी समजत. "आपण कृपया उभे राहावे," हे वाक्य कानी पडले की वर्ग गार पडे. एकदा कार्यालयातील कारकुनाशी त्यांचे भांडण झाले, तेव्हा त्यांनी "तथापि" हा शब्द वापरला. कारकुनाने दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

उत्तरपत्रिका ते लाल शाईने तपासत नसत. चुकलेल्या ओळीवरून हळदीच्या पाण्यात बुडवलेला बारीक कुंचला फिरवीत. त्यांचे म्हणणे असे, की जुने पोथीलेखक चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासत. हरताळ म्हणजे खाणीतून निघणारा पिवळा रंग. त्याने चूक झाकली जाते आणि वर पुन्हा नीट लिहिता येते. लाल रेघेने ती कायम होते. खऱ्या हरताळात आर्सेनिक असते, तो विषारी. म्हणून ते हळदीवर भागवीत. मुले एकमेकांना विचारीत, "किती हळद लागली?" एखाद्याला फारच लागली असेल, तर बाकीचे त्याला मुहूर्त विचारीत.

आर्सेनिक हा त्यांचा आयुष्यभराचा विषय होता. माती त्याला कशी धरते आणि कधी सोडते, एवढा एकच प्रश्न. आमच्या काळ्या जमिनीत हे विष सहसा सापडत नाही. जिथे प्रश्नच नाही तिथे बसून त्याचे उत्तर शोधणे हा वेडेपणा आहे, असे विभागात सर्वांचे मत होते. सरांचे मत निराळे होते. "येईल," ते म्हणत. "कुठूनतरी येईल. तोवर आपण तयार राहू." एखाद्या घरात पाहुण्याची वाट पाहावी, तशी त्यांनी त्याची वाट पाहिली.

जगात त्यांच्या लेखी दोनच प्रकार होते: ताजे आणि मुरलेले. शेणखतापासून हा भेद सुरू होई आणि कुठेही जाई. ताज्या खताला ते उतावळे म्हणत. मुरलेल्या खताचा त्यांना फार आदर होता. नवा व्याख्याता रुजू झाला की ते त्याच्या शेजारी बसून चहा पीत आणि नंतर माझ्या खोलीत येऊन सांगत, "ताजं आहे. दोन पावसाळे झाकून ठेवा." माझ्याविषयी त्यांनी एकदा सभेत सांगितले, की हा मनुष्य मुरलेला आहे, फक्त वास येत नाही. ते कौतुक होते की काय होते, हे मी विचारले नाही.

निवृत्तीनंतर ते जठारपेठेत राहत. मी जवळच राहत असे. संध्याकाळी ते एका पानठेल्यावर उभे असत. पानाचे त्यांना व्यसन होते, आणि व्यसनातही अभ्यास होता. पान तोंडात टाकण्यापूर्वी ते देठ हुंगत आणि मळ्याला पाणी केव्हा दिले होते ते सांगत. ठेलेवाला पैज लावी आणि हरे. त्या ठेल्यावर पाने आणून देणारे सुदामभाऊ हे तेल्हाऱ्याकडचे पानमळेवाले. त्यांचे घराणे पिढ्यानपिढ्या कपुरी पान लावीत आले होते. सरांच्या पैजेची गोष्ट ऐकून ते मुद्दाम थांबले, हरले, आणि तेव्हापासून दर खेपेला सरांसाठी निवडक पानांची चळत बाजूला ठेवू लागले.

एका संध्याकाळी सुदामभाऊ गप्प होते. सरांनी कारण विचारले. जुना मळा मरत होता. वेलाच्या मुळाशी कूज शिरली होती आणि ती हटत नव्हती. पानवेल बियाण्याने येत नाही. जिवंत वेलाचे तुकडे कापून ते दुसरीकडे लावावे लागतात. या हंगामात निरोगी तुकडे निघाले तेवढे निघाले; पुढच्या हंगामात वेलच उरणार नाही. त्यांच्या आजोबांच्याही आधीपासून घरात चालत आलेले वाण तेथे संपणार होते. बाजारात दुसरे बेणे मिळते, असे ठेलेवाला म्हणाला. सुदामभाऊंनी त्याच्याकडे पाहिले, आणि तो सुपारी कातरू लागला.

जागा त्यांनी ठरवली होती. गावाच्या खालच्या अंगाला त्यांचे एक पडीक वावर होते, शेजारी विहीर होती. शेणाच्या गाड्या भरून तयार होत्या. चार-आठ दिवसांत वाफे ओढून पाणी सोडायचे होते. सरांनी नेहमीप्रमाणे त्या जागेची मूठभर माती मागितली. पुढच्या खेपेला सुदामभाऊंनी ती पानातच बांधून आणली.

सरांनी ती हुंगली. पुन्हा हुंगली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हिला वासच नाही." वासाची माती म्हणजे जिवंत माती, तिच्यातले सूक्ष्म जीव तो वास सोडतात. पडीक असली तरी काळ्या जमिनीला वास असतो. सुदामभाऊंना विचारल्यावर कळले, की वावराच्या वरच्या कोपऱ्यात एका कोठडीचे पडके जोते आहे. फार पूर्वी कोणी व्यापारी तेथे कीड मारायची पूड साठवी. कसली पूड, ते गावात कोणाला ठाऊक नव्हते. कोपऱ्यात गवतही धड उगवत नसे.

सरांनी पुडी माझ्या हातात दिली. "मोजा."

महाविद्यालयातील प्रयोगशाळा माझ्यासाठी अजून उघडी होती. मी मोजले. आर्सेनिक होते, आणि थोडेथोडके नव्हते. मी सरांच्या घरी जाऊन आकडा सांगितला. एवढा मोठा मनुष्य खुर्चीवरून उठला आणि खोलीत दोन फेऱ्या मारून आला. पाहुणा आला होता. मग त्यांचा चेहरा उतरला. पाहुणा कोणाच्या घरी उतरला आहे, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

"धरलेलं आहे की सुटलेलं?" त्यांनी विचारले.

मी तेही पाहून ठेवले होते. माती नुसत्या पाण्यात घोळली असता पाण्यात जवळजवळ काही उतरत नव्हते. मातीने ते घट्ट धरले होते. "मग झोपलंय," ते म्हणाले. "आणि हे लोक त्याला शेण घालून, पाणी पाजून उठवणार."

सरांजवळ मोबाइल नव्हता. आम्ही ठेल्यावर गेलो. ठेलेवाल्याच्या फोनवरून त्यांनी सुदामभाऊंना निरोप दिला. तो मी शेजारी उभा राहून ऐकला, म्हणून नेमका सांगू शकतो. "तुमच्या नव्या जागेत हरताळ आहे. काम थांबवा. शेण पसरू नका, पाणी सोडू नका. परवा आम्ही येतो."

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, की सोमल म्हणायला हवे होते. खेड्यात आर्सेनिकला सोमल म्हणतात.

"सोमल म्हटलं की घरातले सगळे सुनेकडं पाहतात," ते म्हणाले. "हरताळ सभ्य शब्द आहे."

रसायनाच्या दृष्टीने दोन्ही शब्द अपुरे आहेत, असे मी सांगितले. निरोप पोचल्याशी काम, असे ते म्हणाले, आणि पान घेतले.

ठरल्या दिवशी आम्ही तेल्हाऱ्याची एसटी धरली. माझ्या पिशवीत नमुन्याच्या बाटल्या होत्या. सरांच्या पायांत काही नव्हते आणि हातातही काही नव्हते. बस भरली होती. शेजारच्या शेतकऱ्याने सहज विचारले, की कुठे निघालात. हा प्रश्न त्यांना विचारू नये, हे त्याला ठाऊक नव्हते. पुढचा पाऊण तास बसमधील सर्वांनी आर्सेनिक ऐकले.

त्यांनी बसच घेतली. मातीत लोखंडाचा गंज असतो. तो म्हणजे एसटीची सीट. आर्सेनिक म्हणजे प्रवासी. तो सीटवर बसला की बसला. हालत नाही, कोणाला त्रास देत नाही. आता कुजका पाला, शेण, असा सगळा माल त्या मातीत येतो. तो दोन तऱ्हेने वागतो. त्यातला मुरलेला, वजनदार भाग शहाण्या बाईसारखा असतो. स्वतः गंजाला टेकून बसतो आणि वर या प्रवाशाला मांडीवर घेतो. मग तो दुप्पट घट्ट बसतो. ताजा, पातळ भाग मात्र खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांतला. सीट पकडतो आणि बसलेल्याला उठवतो. उठलेला दारात लोंबकळतो आणि पाण्याबरोबर उतरून जातो.

कंडक्टर मागे येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "मंग मास्तर, मांडीवरच्याले तिकीट लागते का नाई?"

"मांडीवर असेपर्यंत लागत नाही. उभा राहिला की लागतं."

लोक हसले. सर थांबले नाहीत. पुढचा भाग वाईट आहे, ते म्हणाले. वावरात पाणी तुंबले की मातीतली हवा जाते. मातीतले जिवाणू ताजे शेण खाऊन माजलेले असतात. त्यांना श्वासाला काहीतरी हवे. हवा नाही, तर ते गंजच श्वासाला घेतात, आणि गंज विरघळून जातो. म्हणजे चालत्या गाडीतल्या सीटाच काढून नेल्या. बसलेले सगळे एकदम उभे.

"अन् उतरतात कुठं?" शेजारच्याने विचारले.

"पानात," सर म्हणाले. "नाहीतर विहिरीत."

कंडक्टर आपल्या जागेवर गेला. आम्ही उतरताना त्याने सरांना हात जोडले.

वावरात पोचलो तेव्हा शेणाच्या गाड्या बांधावर उभ्या होत्या, दावणीला बैल रवंथ करीत होते, आणि लिंबाच्या झाडाखाली सगळे मजूर पाय पसरून बसले होते. त्यांच्यात मोठी मौज चालली होती. सुदामभाऊ एकटे धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या कडेच्या बांधावर, उभे होते. त्यांचा चेहरा अत्यंत गंभीर होता. आम्हाला पाहताच ते पुढे आले आणि म्हणाले, "सर, तुमाले अकोल्यात कसं समजलं? मले तर इथं माहीत नव्हतं."

प्रथम काही उमगेना. मग एकेक गोष्ट बाहेर आली. आपल्या जागेत हरताळ आहे, असा निरोप अकोल्याहून आल्यावर सुदामभाऊ घाबरून मजुरांकडे गेले आणि त्यांनी विचारले, की काहून बाप्पा, हरताळ करून राहिले का. मजुरांच्या मनात असे काहीही नव्हते. परंतु विचारल्यावर त्यांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांच्यातला वडीलधारा किसन याला वाटले, की अकोल्याच्या मोठ्या माणसाने ज्याअर्थी आपला हरताळ जाहीर केला आहे, त्याअर्थी तो करायला हवा. बसल्यावर मागणी हवी. मजुरीबाबत त्यांची तक्रार नव्हती. तासभर विचार करून त्यांनी एकच मागणी काढली: सुदामभाऊंच्या मायने मळ्याच्या तोंडाशी बसून दिवसभर बोलू नये.

ही माय म्हणजे सुदामभाऊंची आई. हातात काठी, डोक्यावर पदर, आवाज एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जाणारा. जुन्या मळ्याच्या दाराशी तिचे पोते अंथरलेले असे. कोण कसे वाकतो, कोण वेल बांधताना पीळ उलटा देतो, कोणाची बायको काल भांडली, यावर तिचे भाष्य अखंड चाले. तिच्याविरुद्ध हरताळ झाल्याचे कळल्यापासून ती आनंदात होती. सकाळपासून ती लिंबाखाली जाऊन मजुरांना सांगत होती, की बसताय तर नीट बसा, असे वाकडे काय बसता.

सर खाली जमिनीवर बसले. त्यांना हसू आवरेना. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या शब्दांवर हळद फिरवली होती, आणि त्यांचा स्वतःचा सर्वात निवडक शब्द गावात पोचेपर्यंत दुसराच झाला होता. ते हसत होते, मजूर हसत होते, आणि सुदामभाऊ कोणाकडे पाहावे हे न कळून माझ्याकडे पाहत होते. मी त्यांना हरताळाचा दुसरा अर्थ सांगितला. मग जागेत काय सापडले आहे ते सांगितले. सोमल हा शब्द मी वापरला. लिंबाखालच्या दोघांनी पाय जवळ ओढून घेतले.

सुदामभाऊंनी एकच विचारले. "मंग वेलाचं काय, सर?"

त्यांच्या मागे झाडाच्या सावलीत ओल्या फडक्यात गुंडाळलेले वेलाचे तुकडे होते. ते फार दिवस थांबणारे नव्हते. सरांचे हसणे थांबले. ते उठले आणि त्या वावरातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेले. आम्ही धुऱ्यावर उभे राहून पाहत होतो. परत आल्यावर त्यांनी शुद्ध मराठीत सांगितले, "या जागेत पानमळा होणार नाही." त्यांचा राग कोणावर होता, ते मला कळले. तो त्या कोठडीवर होता.

मग ते बोलले ते सावकाश बोलले. पानमळ्याला रोज पाणी लागते, वर्षभर शेण लागते. या मातीत जे झोपले आहे त्याला उठवायला याहून चांगली युक्ती नाही. तुम्ही शेण पसरले असते, पाणी सोडले असते, तर वेल मेलाही नसता. चांगला फोफावला असता आणि लोकांच्या तोंडात ते विष घालीत राहिला असता. हरताळ झाला म्हणून वाचलात. किसन हे ऐकून ताठ बसला.

दुसरी जागा कुठे आहे, असे सरांनी विचारले. सुदामभाऊ म्हणाले, नाही. जरा वेळाने पुन्हा म्हणाले, नाही. त्यांचे नाही म्हणणे आणि मायकडे न पाहणे हे एकाच वेळी चालले होते. सरांनी ते टिपले. लिंबापासून हाकेच्या अंतरावर, घराच्या मागे, वरच्या अंगाला, मायची वांग्या-मिरच्यांची जागा होती. बरीच मोठी. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून ती तिच्या हाताखाली होती. घरचा उकिरडा तिथेच मुरत असे. त्या जागेविषयी बोलायची सुदामभाऊंची प्राज्ञा नव्हती.

सर मायला घेऊन तिकडे गेले. मी आणि सुदामभाऊ त्यांच्या मागे होतो. त्यांनी परवानगी मागून त्या वाफ्यात पाऊल टाकले. तिने त्यांच्या पायांकडे पाहिले. पानमळ्यात कोणी जोडे घालून जात नाही, अशी त्या लोकांची रीत आहे. याला ती सांगावी लागली नाही, असे ती सुदामभाऊंना उद्देशून म्हणाली. सरांनी मूठभर माती उचलली, हुंगली, आणि डोळे मिटून घेतले. "माय, लय मुरली हाये ही," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

"माह्या वांग्यायवर डोळा हाये का तुमचा, मास्तर?"

"हाये."

"काहून? तिकडं एवढं मोठं वावर पडलं नं."

सरांनी तिला कारण सांगितले. एसटी, सीट, रुमाल, काही सांगितले नाही. एवढेच सांगितले, की तिकडे लावले तर पान खाणाऱ्याला बाधेल. इथे लावले तर तुमच्या सासऱ्याचा वेल जगेल. ती काठीने माती टोकरीत राहिली. वांगी भरात होती. मिरचीला फूल होते. मग तिने मान वळवून लिंबाखालच्या लोकांकडे पाहिले आणि विचारले, "मळा इथं आला, त मी कुठं बसू?"

"तुमच्या दारात."

"अन् बोलू द्यान मले?"

"दार तुमचं हाये, माय. तिथं तुमाले कोण अडवणार?"

तिने काठी वांग्याच्या ओळीवर रोवली. "घ्या मंग. पण वांगे आधी तोडा. अन् त्या किसन्याले म्हणा, वाकून तोड, बसून नाई."

किसनने ते तिथूनच ऐकले. मागणी मान्य होण्याऐवजी मळाच मायच्या उंबऱ्याशी आला होता, आणि आता पोतेही अंथरायला नको होते. तो सरांजवळ आला आणि दुखावलेल्या स्वरात म्हणाला, "सर, तुमीच लावला अन् तुमीच बुडवला न हरताळ." सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात मायने हाक मारली, आणि तो धावत गेला.

मी मायच्या जागेची माती घेतली, विहिरीचे पाणी घेतले, आणि त्याच संध्याकाळच्या बसने परतलो. दोन्ही स्वच्छ निघाले. विहिरीपर्यंत काही उतरले नव्हते. मातीने आपले काम केले होते. विहिरीवरून नळी टाकून पाणी वर नेले. खालच्या वावराची व्यवस्था सरांनी लावून दिली. कोठडीच्या पडक्या जोत्यात उरलेली पूड सरकारी माणसे येऊन रीतसर घेऊन गेली, ते पत्रव्यवहाराचे काम मी केले. वावराभोवती चर खणून पाणी बाहेरच्या बाहेर काढले, मातीत सीटा वाढवायला लाल मुरूम आणि जुने, पुरते मुरलेले खत मिसळले, आणि धुऱ्यापर्यंत घायपात लावला. घायपाताला पाणी लागत नाही आणि त्याला कोणी खात नाही. सुदामभाऊ तिकडून जाताना आवाज न करता चालत, असे सर कौतुकाने सांगत. विष झोपले आहे, हे त्यांनी फारच मनावर घेतले होते.

वेलाने जीव धरला. ही बातमी ठेल्यावर यायची: आज कोंब, आज दोन पाने, आज शेवरीच्या काठीला पहिला वेढा. मायच्या तोंडाला खंड नाही, अशीही बातमी असे. सर सगळे ऐकून घेत आणि ठेल्यावरचे दुसऱ्या मळ्याचे पान खात, देठ न हुंगता. त्या दिवसांत ते पैज लावीत नसत.

पाने तोडणीला आली तेव्हा सुदामभाऊंनी पहिली चळत पाठवली. ठेलेवाल्याने ती सरांपुढे ठेवली. सरांनी हातही लावला नाही. चळत माझ्याकडे सरकवली. हुंगणाऱ्या माणसाने नाकावर विश्वास न ठेवण्याचा हा एकच प्रसंग मी पाहिला.

मी पाने धुतली, वाळवली, विरघळवली आणि मोजली. पुन्हा मोजली. उपकरण ठीक होते. संध्याकाळी ठेल्यावर गेलो. सर रस्त्याच्या कडेला, दुकानापासून बरेच लांब, पाठ करून उभे होते. ठेलेवाल्याने फोन लावून त्यांच्याकडे धरला. त्यांनी मागे न वळता हात हलवला आणि निरोप मी सांगावा असे सुचवले.

मी फोन घेतला. पलीकडे सुदामभाऊंचा श्वास ऐकू येत होता. शब्द निवडायला मी वेळ घेतला. मग म्हणालो, "पान चांगलं आहे. विका."

सुदामभाऊंनी फोन हातात तसाच धरून मागे वळून तेच शब्द सांगितले असावेत. कारण लगेच मायचा आवाज आला. आता उभे काय राहिले, खालची पाने आधी घ्या, देठ लांब ठेवा, किसन्या, तुझ्या हाताले काय झालं. मग मजुरांचा एकच गलका उठला आणि त्यात तिचा आवाजही ऐकू येईनासा झाला.

मी फोन ठेवला. सरांना निरोप सांगायला रस्त्याकडे वळलो, तर त्यांची पाठ हसण्याने हलत होती. एवढ्या लांबून त्यांना सर्व ऐकू आले होते.